मालदीवला जाताना वेळ आणि बिल आधी तपासा

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची नवी जोडपी आता लग्नानंतर मालदीवला जाऊ लागली आहेत. हौस जरूर करावी, पण पॅकेजचा कागद नीट वाचूनच पैसे भरावेत.

सगळ्यात मोठी चूक होते ती वेळेची. लांबच्या बेटांवर राजधानी मालेच्या विमानतळावरून सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जावे लागते आणि ते फक्त उजेडातच उडते. दुपारी साडेतीननंतर उतरलात तर बहुधा रात्र मालेतच काढावी लागते, आणि रिसॉर्टची ती रात्र भरलेली असूनही फुकट जाते. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरूमार्गे त्याच दिवशी पोहोचण्याचा अट्टाहास करू नये. आदल्या रात्री बेंगळुरूत थांबून सकाळचे विमान धरावे. सीप्लेनमध्ये सामान साधारण २० किलो, वर हातातली ५ किलोची पिशवी. जास्तीचे पैसे पडतात.

दुसरी गोष्ट बिलाची. शंभर डॉलरच्या दरावर १० टक्के सेवाशुल्क, त्या बेरजेवर १७ टक्के कर, म्हणजे जवळजवळ १२९ डॉलर. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर हरितकर. दोघांच्या चार रात्रींचे ९६ डॉलर झाले! सीप्लेनचे भाडेही बहुधा वेगळेच असते. हे सगळे धरून एकूण आकडा लेखी मागावा.

व्हिसा पोहोचल्यावर मोफत मिळतो, मात्र प्रवासाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन अर्ज भरावाच लागतो. दारूची बाटली बॅगेत नेऊ नये, विमानतळावर काढून घेतात. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे पावसाळा सुरू होतो. डिसेंबर ते एप्रिल उत्तम.

– पर्यटन व्यवसायातील वाचक, टिळकवाडी, बेळगाव