होजाम, तो चुकलेला ‘१’ तुम्ही खोडला नाहीत

आदरणीय होजाम,

तुमच्या तुर्कस्तानात शिक्षकांना, डॉक्टरांना, ज्यांच्याकडून चार गोष्टी शिकलो त्यांना ‘होजाम’ म्हणतात, म्हणून तेच संबोधन. पत्र मात्र मराठीत लिहितो आहोत. मनातलं परक्या भाषेत उतरवताना किती गळून जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

विषय त्या २८ प्रश्नांचाच, जे तुम्ही तुर्कीत आणलेत आणि आम्ही मराठीत आणतो आहोत. ह्यूस्टनच्या हेलन कोहेन यांनी २००० साली सहकाऱ्यासोबत मांडलेली ही प्रश्नावली. चक्कर येणाऱ्या, तोल जाणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, एवढंच ती विचारते. अंथरुणातून उठून बसणं, मोजे घालणं, वरच्या फळीवरचं काही काढणं, गर्दीतून चालणं, सरकता जिना. प्रत्येकापुढे १ ते १० आकडे. १ म्हणजे मदतीशिवाय जमतं, १० म्हणजे आता करणंच सोडलं. शिवाय ‘लागू नाही’चा एक रकाना. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग किती काम करतो ते यंत्रावर मोजता येतं, पण माणूस डोळ्यांवर साबण असताना न्हाणीघरात कसा उभा राहतो, ते त्यालाच विचारावं लागतं.

तुमच्या आधी ज्यांनी हे तुर्की भाषांतराचं काम घेतलं होतं, त्यांचा मसुदा आठवला की अजून राग येतो. नवव्या आकड्याला ‘परावलंबी’ या अर्थाने त्यांनी ‘बाअम्ली’ लिहिलं. शब्दकोशाला धरून बरोबर. पण रोजच्या तुर्कीत बाअम्ली म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो तो व्यसनी माणूस. तोल न राहणाऱ्याला ‘दंगेसिझ’ म्हटलं, आणि बोलताना दंगेसिझ म्हणतात ते डोक्याने अस्थिर, कधी काय करेल याचा नेम नसलेल्या माणसाला. आधीच ‘काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत’ हे घरच्यांकडून ऐकून थकलेल्या रुग्णाच्या हातात असा कागद द्यायचा? यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: उलट भाषांतर, म्हणजे तुर्कीवरून पुन्हा इंग्रजीत केलेलं, मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळतं. जुळणारच. शब्दाला शब्द ठेवला की परत येताना तोच शब्द हाती लागतो. उलट भाषांतरात अर्थाची उलटापालट सापडते. ऐकणाऱ्याला शब्द कुठे टोचतो, ते त्यात दिसत नाही. प्रश्नांची आपसातली सुसंगती दाखवणारा आल्फाचा आकडाही इथे कामाचा नाही. सगळ्यांनी प्रश्न सारखाच चुकीचा समजून घेतला, तरी आकडा छानच येतो.

तुम्ही ‘बाअम्ली’ काढून ‘दुसऱ्या कुणी केल्याशिवाय होत नाही’ असं साधं वाक्य लिहिलंत. ओबडधोबड जमिनीसाठी ‘आर्नाव्हुत काल्दिरिमी’चं उदाहरण घातलंत. शब्दशः ‘अल्बेनियन फरसबंदी’, म्हणजे जुन्या गल्ल्यांतले ते उंचसखल दगड, पावसात निसरडे होणारे. दुकानातल्या दोन फळ्यांमधल्या अरुंद वाटेसोबत आठवडी बाजारातली गल्ली आणलीत. दोन्हींकडे मालाच्या राशी आणि अंगावर येणारी माणसं, आणि डोळ्यांवर भिस्त ठेवून तोल सांभाळणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते तेच. टबात शिरण्या-निघण्याच्या प्रश्नाला, बुटक्या स्टुलावर बसून भांड्याने पाणी ओतून घेणाऱ्यांचा विचार केलात. तिथे काठ ओलांडायचा नसतो. मान खाली, डोळे मिटलेले, धोका तिथे आहे. आपल्याकडच्या बादली-तांब्याचंही हेच, त्यामुळे ही टीप मराठी मसुद्यासाठी आम्ही जशीच्या तशी उचलली आहे. नमाजातल्या रुकू (कमरेत वाकणं) आणि सजद्याचा (कपाळ जमिनीला टेकणं) मात्र वेगळा प्रश्न होऊ दिला नाहीत, हेही बरोबर. प्रश्न २८ चे २९ झाले की इतर भाषांतल्या गुणांशी तुलना संपते. ते वाकणं तुम्ही ‘खाली वाकून काही घेणं’ या प्रश्नाच्या उदाहरणांत बसवलंत, आणि तेही मूळ लेखिकेला विचारायच्या यादीत लिहून.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ते आहे त्या एका कागदासाठी.

चाचणीच्या टप्प्यातला कागद, वर नाव नाही, फक्त क्रमांक. ‘खाली वाकून काही घेणं’ यापुढे एका आजींनी १ वर गोल केलेला. वेळ नसलेल्या माणसाने तो आकडा टिपून घेतला असता. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत, कागद पालथा घातलात आणि म्हणालात, हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा ना. आजी म्हणाल्या, ‘देवाच्या दयेने घरात सुना आहेत, जमिनीवर काही पडूनच राहत नाही.’ चक्कर सुरू झाल्यापासून त्या वाकलेल्याच नव्हत्या! त्यांच्या लेखी घर नीट चाललं होतं, म्हणून १.

तुम्ही तो १ खोडला नाहीत. शेजारी बारीक अक्षरात १० लिहिलात, त्याखाली आजींचं वाक्य त्यांच्याच बोलीत, आणि खाली दोन शब्द: प्रश्न चुकला. आजी चुकल्या, असं नाही.

त्या दोन शब्दांनी आमचं सगळं काम बदललं. मग उलटी चूकही सापडली. जन्मात गाडी न चालवलेल्या बायका गाडी चालवण्यापुढे १० लिहीत होत्या. तिथे हवं होतं ‘लागू नाही’. एकीकडे आजार झाकला जात होता, दुसरीकडे नसलेला दिसत होता, आणि सरासरीत दोन्ही चुका एकमेकींना गिळून टाकत होत्या. आता सूचनांत स्पष्ट आहे: आजारापूर्वी करत होतात आणि चक्करमुळे सोडलंत, तर १०, आधीही कधी करत नव्हतात, तर लागू नाही.

ठरलेल्या पायऱ्या पार पाडणारे खूप भेटतात: दोन भाषांतरं, त्यांचा मेळ, दोन उलट भाषांतरं, समिती, मग ३०-४० जणांवर चाचणी. समोरच्या म्हाताऱ्या माणसाला ओशाळं न करता त्याचं खरं काढून घेणं कुठल्याच पायरीत लिहिलेलं नाही. ते माणसाच्या अंगात असावं लागतं. तुमच्या अंगात ते आहे, होजाम, आणि त्याबद्दल आम्ही तुमचे मनापासून ऋणी आहोत.

त्या आजी पुन्हा तपासणीला आल्या तर एवढं सांगा, की सूचनांमधली ती ओळ त्यांच्यामुळे आली. आणि आमचा नमस्कार सांगा.

तुमचे,
मराठी मसुद्यावर काम करणारे आम्ही सगळे