फोटो पास विकला, मग कॅमेरा का अडवला?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
संगीत महोत्सवाची आयोजक कंपनी

विषय : फोटो पास असूनही प्रवेशद्वारावर कॅमेरा काढून घेतल्याबद्दल तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीने शहराच्या मधोमध, खुल्या चौकात भरवलेल्या संगीत महोत्सवाचा फोटो पास मी साध्या तिकिटापेक्षा जास्त पैसे मोजून घेतला होता. पास विकताना आपल्या संकेतस्थळावर अटी स्पष्ट लिहिल्या होत्या : लेन्स बदलता येणारा एक कॅमेरा आत नेता येईल, प्रत्येक कलाकाराच्या पहिल्या तीन गाण्यांपुरते मंचासमोरच्या पिटमध्ये (फोटो काढणाऱ्यांसाठी राखलेल्या जागेत) उभे राहता येईल आणि फ्लॅश वापरायचा नाही. या अटींबद्दल माझी काहीच तक्रार नाही. फ्लॅशचा झोत वादकाच्या डोळ्यांवर येतो आणि तीन गाण्यांनंतर आम्ही बाजूला झालो की मागच्या प्रेक्षकांना मंच मोकळा दिसतो. मैफलींचे फोटो काढणारे सगळे हा नियम पाळतात.

प्रवेशद्वारावर मात्र सुरक्षारक्षकांनी पास बघितलाच नाही. कॅमेऱ्याची लेन्स निघते, म्हणजे तो प्रोफेशनल, म्हणजे तो आत जाणार नाही, एवढेच ते सांगत राहिले. मी मोबाइलवर आपलेच पान उघडून दाखवले. आम्हाला असे काही कळवलेले नाही, असे उत्तर मिळाले. त्या माणसांवर माझा राग नाही. त्यांच्या हातात जी यादी दिली होती, त्याप्रमाणे ते वागले. ती यादी आणि संकेतस्थळावरच्या अटी एकमेकींशी जुळतात का, हे पाहणे कंपनीचे काम होते.

शिवाय लेन्स निघते की नाही, यावर कॅमेऱ्याची जात ठरवणे आता अर्थहीन झाले आहे. नवशिक्यांसाठीच्या साध्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या, छोट्या) कॅमेऱ्यालाही लेन्स बदलता येते. उलट न निघणारी, पण प्रचंड झूम असलेली लेन्स घेऊन लोक माझ्यासमोर बिनधास्त आत जात होते.

कॅमेरा मला एका टेबलामागच्या खोक्यात ठेवावा लागला. पावती नाही, टोकन नाही, बॅगेवर नावाची चिठ्ठीसुद्धा नाही. नंतर एका कर्मचाऱ्याने चूक मान्य करून तो परत दिला, तेव्हा माझ्या बॅगेवर इतरांच्या बॅगा रचलेल्या होत्या आणि लेन्सचे हूड (आडवा उजेड अडवणारी पुढची कड) तुटले होते. हूड नवे घेता येईल. पण तोवर अंधार पडून गेला होता आणि खरे नुकसान ते आहे.

खुल्या मैदानातल्या किंवा चौकातल्या मैफलीचे फोटो काढणाऱ्याला सूर्य मावळल्यानंतरचा थोडा वेळ फार मोलाचा असतो. आकाश अजून निळे असते, मंचावरचे दिवे लागलेले असतात आणि दोन्हींचा उजेड काही वेळ जवळपास सारखा होतो. तेवढ्या वेळात एकाच फोटोत गायिकेचा चेहरा, मागच्या इमारतींच्या कडा, खिडक्यांतले दिवे आणि समोरची गर्दी असे सगळे मावते. शहरात भरणाऱ्या महोत्सवाचे वेगळेपण त्यातच आहे. बंद सभागृहात हे मिळत नाही. एकदा आकाश काळे झाले की मागे काही उरत नाही. मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० पर्यंत चढवायचा, शटर १/२५० सेकंदाच्या आसपास उघडे धरायचे, आणि मागच्या एलईडी पडद्याच्या लुकलुकण्याने फोटोत आडवे पट्टे येणार नाहीत अशी आशा करायची. त्या उजेडातही चांगले फोटो निघतात, पण ते कुठल्याही मंचाचे असू शकतात. ज्या वादकांसाठी मी आले होते, त्यांची पहिली तीन गाणी नेमकी त्या निळ्या वेळेत झाली. ती मी कुंपणाबाहेरून ऐकली.

आणखी एक गोष्ट मला गंभीर वाटते. कॅमेरा परत देताना माझ्यासमोर एक कागद ठेवला गेला. महोत्सवात काढलेल्या सर्व फोटोंचे हक्क कायमचे कंपनीकडे राहतील, असे त्यात लिहिले होते. पास विकताना या अटीचा उल्लेखही नव्हता. फोटोचा हक्क सर्वसाधारणपणे तो काढणाऱ्याचा असतो. नोकरी किंवा करार असेल तर गोष्ट वेगळी. माणसाचा कॅमेरा ताब्यात ठेवून असा करार पुढे करणे मुळीच योग्य नाही. मी सही केली नाही आणि बऱ्याच वादानंतर कॅमेरा मिळाला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने न वाचताच सही केली. त्याच्याबद्दल मला आजही वाईट वाटते.

एक सूचनाही करते. रात्रीच्या सत्रात लेझरचे किरण अधूनमधून थेट पिटच्या दिशेने येत होते. लेझर सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागावर) कायमचे डाग किंवा रेषा उमटू शकतात. पासधारकांना याची आधी कल्पना द्यायला हवी होती.

ध्वनिव्यवस्था उत्तम होती आणि मागे उभ्या असलेल्यांनाही प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येत होते, हेही मोकळेपणाने सांगते. म्हणूनच हे पत्र लिहिण्याचे कष्ट घेतले आहेत. पुढच्या वर्षी मला पुन्हा यायचे आहे.

फोटो पास आणि साधे तिकीट यांच्या किमतीतला फरक मला परत करावा आणि तुटलेल्या हूडची भरपाई द्यावी. हक्कांचा तो कागद रद्द करून, ज्यांनी त्यावर सह्या केल्या त्यांना तसे लेखी कळवावे. पुढच्या महोत्सवापासून संकेतस्थळावरच्याच अटी छापून प्रत्येक प्रवेशद्वारावर लावाव्यात, आणि ठेवून घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती द्यावी. यावर आपले लेखी उत्तर १५ दिवसांत अपेक्षित आहे. ते न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
एक फोटो पासधारक

सोबत : पासची प्रत, संकेतस्थळावरील अटींचा स्क्रीनशॉट, तुटलेल्या हूडचे फोटो, सही न केलेला कागद