अंतर्कर्णाच्या ऑटोइम्यून आजाराचा दावा ‘वयोमानानुसार बहिरेपणा’ ठरवून नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा दावे विभाग

महोदय,

माझ्या पत्नीच्या अंतर्कर्णाच्या ऑटोइम्यून आजारावरील (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कानावर हल्ला करते असा आजार) उपचारांचा दावा आपण फेटाळला. बहिरेपणा वयोमानानुसार आहे आणि ऑटोइम्यून आजार रक्ततपासणीत सिद्ध झालेला नाही, अशी कारणे पत्रात दिली आहेत. दोन्ही मला मान्य नाहीत.

पत्नीचे वय 46, पतसंस्थेत रोखपाल. आधी उजव्या कानात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, मग चक्कर, आणि काही आठवड्यांत डावा कानही उतरला. काउंटरवर समोरच्याचा आवाज यायचा, पण शब्द लागायचे नाहीत. शेवटी ती प्रत्येकाकडून रक्कम कागदावर लिहून घेऊ लागली. ऑडिओग्राममध्ये (श्रवणचाचणीच्या आलेखात) उजव्या कानाची पातळी 40 डेसिबलवरून 75 वर गेलेली स्पष्ट दिसते; आकडा जितका मोठा, तितका बहिरेपणा जास्त. स्टेरॉइड सुरू केल्यावर ती 45 पर्यंत परत आली. वयाने जाणारे ऐकू येणे वर्षानुवर्षे हळूहळू कमी होते, आणि ते स्टेरॉइडने परत येत नाही. हे तिन्ही ऑडिओग्राम आपल्या फाइलमध्ये आहेत. ते कुणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिले का?

आता रक्ततपासणी. या आजाराचे खात्रीने निदान करणारा रक्ताचा रिपोर्ट आजही उपलब्ध नाही. अंतर्कर्ण कवटीच्या अतिशय टणक हाडात बंद असतो; त्याचा तुकडा काढून तपासायचा तर उरलेले ऐकू येणेच जाईल. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. ब्रायन मॅकॅब यांनी 1979 मध्ये अशा 18 रुग्णांचे वर्णन केले, तेव्हापासून डॉक्टर आठवड्यां-महिन्यांत दोन्ही कानांत वाढत जाणारा बहिरेपणा आणि स्टेरॉइडला मिळणारा प्रतिसाद यांवरच प्रामुख्याने निदान करतात. एमआरआयमध्ये बहिरेपणा आणणारी गाठ नाही, हेही आमच्या डॉक्टरांनी आधी पाहून घेतले. सांधेदुखी किंवा ल्युपस (शरीरातील अनेक अवयवांना होणारा ऑटोइम्यून आजार) नाही, हा आपला आक्षेपही टिकत नाही, कारण बहुतेक रुग्णांत हा आजार कानापुरताच असतो.

रुग्णालयात दाखल होण्याची गरज नव्हती, असा शेरा टीपीएने (आपल्या वतीने दावे तपासणाऱ्या कंपनीने) मारला आहे. पत्नीला मधुमेह आहे. जास्त मात्रेत स्टेरॉइड देताना साखर भडकते, इन्सुलिन सतत बदलावे लागते. डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेले आहे.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. कॅशलेसची परवानगी अडली असताना आपल्या प्रतिनिधीने फोनवर ‘तोवर थांबा’ असे सांगितले. या आजारात उपचाराला उशीर झाला की गेलेले ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते. आम्ही थांबलो नाही, उसनवारी करून बिल भरले, म्हणून ती आज पुन्हा काउंटरवर बसते आहे. दुसऱ्या कुणा पेशंटला तुमच्याकडून हा सल्ला जाऊ नये.

माझी मागणी अशी: फाइल कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घ्यावी, पूर्ण रक्कम मंजूर करावी, आणि तरीही नाकारायचे असल्यास पॉलिसीतील नेमके कलम लेखी कळवावे. आजार पुन्हा उफाळू शकतो. औषधांना दाद मिळेनाशी झाली तर उद्या कॉक्लिअर इम्प्लांटपर्यंत (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या उपकरणापर्यंत) वेळ येऊ शकते, त्यामुळे ‘वयोमानानुसार’ ही नोंदही रेकॉर्डवरून काढून टाकावी.

महिनाभरात समाधानकारक उत्तर न आल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे दाद मागेन. ऑडिओग्राम, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड आणि बिलांच्या प्रती पुन्हा सोबत जोडल्या आहेत.

कळावे,
आपला पॉलिसीधारक