गॅसचा वास आला, तर हात आधी कुठे जातो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रात्री दोनला जाग आली आणि घरात गॅसचा वास भरलेला असला, तर काय कराल?’ हा प्रश्न सोसायटीच्या कट्ट्यावर किंवा ऑफिसात डबा खाताना सहज टाकून पाहावा. उत्तरं पटापट येतात आणि बहुतेक बरोबरच असतात. खिडक्या उघडू, सिलिंडर बंद करू, दिवा लावणार नाही. शेवटचं तर शाळेतली पोरंही सांगतात. तरी घरगुती गॅसच्या भडक्याच्या बातम्यांत ‘दिवा लावताच’ हे शब्द पुन्हा पुन्हा वाचायला मिळतात. त्या घरातल्यांनाही हे उत्तर विचारलं असतं तर बरोबरच आलं असतं.

गोम अशी आहे की कट्ट्यावर उत्तर देणारा माणूस पूर्ण जागा असतो, उजेडात बसलेला असतो. रात्री दोनला उठलेला अर्धा झोपेत असतो, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीशी पोचल्यावर हात वर जाऊन बटण दाबणं हे त्याने काही हजार वेळा केलेलं असतं. त्यासाठी विचार लागत नाही, म्हणून विचार आडवाही येत नाही. गावाहून परतताना तर हे हमखास होतं. आठ दिवस बंद असलेलं घर, दोन्ही हातांत बॅगा, पहाटेचा अंधार. कुलूप उघडलं की डावा हात आपसूक बोर्डाकडे जातो, नाकाचं काम नंतर सुरू होतं.

नाकावर फार विसंबूही नये. आपल्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टन या द्रव्याचा. गॅस पेट घेण्याइतका साठण्याच्या बराच आधी तो यावा, असं त्याचं प्रमाण असतं. पण त्याच वासात काही मिनिटं थांबलं की नाकाला त्याची सवय होते आणि ‘गेला वाटतं वास’ असं वाटू लागतं. सर्दी झालेल्यांना आणि वयस्करांना तो मुळातच कमी येतो. दुसरी फसगत आणखी ओळखीची आहे: ‘सिलिंडर संपत आलाय, म्हणून वास येतोय.’ यात तथ्य आहे. मरकॅप्टन गॅसपेक्षा सावकाश उडतं, त्यामुळे तळाशी उरलेल्या द्रवात त्याचं प्रमाण वाढतं आणि शेवटच्या दिवसांत वास जास्त येतो. पण वास येतोय याचा अर्थ गॅस कुठून तरी बाहेर पडतोय, एवढं त्यातही खरंच राहतं. हे वाक्य ऐकून गप्प बसण्यापेक्षा साबणाचं पाणी हातात घ्यावं. चमचाभर भांडी धुण्याचा साबण वाटीभर पाण्यात कालवून रेग्युलेटरच्या भोवती, नळीच्या दोन्ही टोकांना आणि शेगडीच्या कॉकजवळ लावायचं. बुडबुडा फुगला तिथे गळती. काडी ओढून गळती शोधणारे लोक अजून आहेत, त्यांना काय म्हणावं!

गॅस जातो कुठे, हे डोळ्यांसमोर आणलं तर पुढचं सगळं सोपं होतं. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, म्हणून तो पाण्यासारखा खाली बसतो. आधी ओट्याखाली, मग फरशीवरून फ्रिजच्या तळाशी, मोरीत, बाहेरच्या खोलीत. हवेत त्याचं प्रमाण साधारण 1.8 ते 9.5 टक्के असताना तो पेट घेतो. आठ बाय दहा फुटांचं, नऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर धरा. त्यात सुमारे 20,000 लिटर हवा मावते. त्याचे 1.8 टक्के म्हणजे 360 लिटर, आणि एक किलो द्रव गॅसचे साडेचारशे-पाचशे लिटर होतात. म्हणजे पूर्ण खोलीला पाऊण-एक किलो लागेल. दूध उतू जाऊन मोठा बर्नर विझला आणि कॉक पूर्ण उघडा राहिला, तर तासाला दोनशे ग्रॅमच्या आसपास गॅस बाहेर पडतो. या हिशेबाने चार-पाच तास मिळाले असं वाटेल, पण गॅस खोलीभर सारखा पसरत नाही. तो फरशीपासून फूटभरच साठला, तर ऐंशी-नव्वद ग्रॅमही पुरतात, म्हणजे अर्धा ताससुद्धा नको. गणित ढोबळ आहे, पण धोका कुठल्या उंचीवर असतो ते त्यातून कळतं.

त्या उंचीवर घरात काय काय असतं? फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि त्याचा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारं बटण, मागे खाली, फरशीलगत. देवघर जमिनीवर असेल तर समई. डासांची उदबत्ती. खालच्या प्लगमध्ये चार्जर. दिव्याचं बटण त्या मानाने चार फुटांवर असतं. तरीही ते न दाबण्याचा नियम पाळायचाच, कारण गॅस कुठवर चढलाय ते डोळ्याला दिसत नाही. नियम ‘लावू नका’ एवढाच नाही, ‘बंदही करू नका’ असा आहे. चालू पंखा बंद करतानाही बटणात ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅन लावणं ही तर दुहेरी चूक: मोटर आणि बटण दोन्हींत ठिणगीचा धोका, शिवाय पंखा छताजवळ नि गॅस पायाशी.

आता प्रत्यक्ष क्रम. वास आला की जागेवरूनच मोठ्याने सांगा, ‘गॅस आहे, बटणाला हात लावू नका.’ हे मोठ्याने बोलण्याचा फायदा घरच्यांना होतो, आणि स्वतःच्या हातालाही होतो. वास हलका असेल तर सिलिंडरपर्यंत जाऊन रेग्युलेटरचा नॉब बंद करा आणि मग शेगडीचे कॉक बघा. समई तेवत असेल तर वात तेलात ओढून मालवा. नॉब बंद करूनही सूं-सूं आवाज येत राहिला, तर दोष बहुधा सिलिंडरच्या तोंडातल्या रबरी रिंगचा असतो, जिला सगळे वॉशर म्हणतात. ती चिरलेली किंवा निसटलेली असते. अशा वेळी नॉब बंद ठेवूनच रेग्युलेटरची खालची काळी प्लॅस्टिकची कडी वर ओढायची आणि रेग्युलेटर उचलून काढायचा. सिलिंडरची झडप आतल्या स्प्रिंगने आपोआप मिटते. त्यावर दोरीला बांधलेलं टोपण घट्ट बसवायचं. ही दोरी कापून टोपण कचऱ्यात टाकणारी घरं कमी नाहीत. झडप अडकली असेल, तर गॅस थोपवणारं तेवढंच साधन हाताशी असतं.

मग दारं. खिडक्या आधी उघडायची सवय आहे, पण ओट्यावरच्या खिडकीची कड तीन-साडेतीन फुटांवर असते आणि गॅस तिच्या खालीच डबक्यासारखा राहतो. बाल्कनीचं दार आणि मुख्य दार समोरासमोर उघडलं की तो फरशीवरून वाहून जातो. मात्र मुख्य दारातून तो जिन्यात उतरतो, म्हणून खालच्या मजल्यांना लगेच सांगायचं. दार ठोठावून सांगायचं, बेल दाबून नाही. लिफ्ट वापरायची नाही. फोन बाहेर मोकळ्यावर गेल्यावर करायचा. गॅसगळतीसाठी 1906 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, अग्निशमन दलाचा 101. मोबाइलने स्फोट होतो की नाही यावर वाद घालणाऱ्यांना एवढंच सांगता येईल की बोलत घरात उभं राहायचं काहीच कारण नाही.

आवाज मोठा असेल, सिलिंडरच्या तोंडाशी पांढरट धुकं दिसत असेल, तर वरचा क्रम विसरा. आत न जाता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

मेन स्विचचं प्रकरण थोडं खोलात बघण्यासारखं आहे. ‘मेन बंद करा’ हा सल्ला सगळे देतात. मेन दाराबाहेर किंवा खाली मीटरच्या खोलीत असेल तर सल्ला उत्तम, कारण फ्रिज थांबतो. मेन घरात असेल तर तेही एक बटणच, त्याला हात लावायचा नाही. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर? खालून मेन पाडला की पुढच्या क्षणी इन्व्हर्टरचा रिले खटकन पडतो, तोही घरातच. तेव्हा इन्व्हर्टर असलेल्या घरात मेनच्या मागे न लागता दारं उघडून वाट पाहिलेली बरी. इन्व्हर्टरची जागा ठरवताना स्वयंपाकघराची भिंत टाळावी, हे बसवणारा सांगत नाही.

शेजारच्या कुलूपबंद फ्लॅटमधून वास येत असेल तर माणसाच्या स्वभावाचा दुसरा नमुना दिसतो. जिन्यातून दहा जण जातात, दहाही जणांना वास येतो, आणि प्रत्येक जण धरून चालतो की कोणीतरी सांगितलंच असेल. 1968 साली अमेरिकेत बिब लताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. फॉर्म भरत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत त्यांनी भिंतीतून धूर सोडला. खोलीत एकटे असलेल्यांपैकी 75 टक्के उठून सांगायला गेले. शेजारी ढिम्म बसून राहायला सांगितलेले दोघे असले, तेव्हा फक्त 10 टक्के. बाकीचे डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. जिन्यातले आपण काही वेगळे नाही. म्हणून ‘कोणीतरी फोन करा रे’ असं म्हणण्यात अर्थ नसतो. एकाचं नाव घेऊन ‘तू 101 लाव, तू खालच्या मजल्यावर जा’ असं सांगितलं की माणसं हलतात. कुलूप फोडायला हातोडी-पहार घेऊन धावू नये, लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी पडते. ते काम अग्निशमन दलाचं.

पाइपच्या गॅसचे ग्राहक मुंबई-पुण्यात आता खूप आहेत आणि तिथे अर्धं गणित उलटं होतं. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, छताशी साठणारा. तिथे वरची तावदानं आणि झरोके उघडायचे. स्वयंपाकघरातला व्हॉल्व्ह नळीला आडवा फिरवला की बंद होतो. गळतीची सूचना देणारा अलार्मही यावरून ठरतो: सिलिंडर असेल तर फरशीपासून फूटभर उंचीवर, पाइपचा गॅस असेल तर छताजवळ. दिसायला बरा दिसतो म्हणून डोळ्यांच्या उंचीवर लावलेला अलार्म दोन्हींसाठी उशिरा वाजतो.

हाताची सवय बोलून बदलत नाही, करून बदलते. रात्री ओटा पुसला की रेग्युलेटर बंद, ही सवय लागली तर वरच्या बऱ्याचशा गोष्टींची वेळच येत नाही. उरलेल्यासाठी एका रविवारी दहा मिनिटं काढावीत. शेगडी बंद असताना घरातल्या प्रत्येकाने, स्वयंपाकघरात कधी न फिरकणाऱ्यांनीही, डोळे मिटून सिलिंडरपर्यंत जावं, नॉब बंद करावा, रेग्युलेटर काढावा, टोपण लावावं. पहिल्या वेळी निम्म्यांना नॉब कुठल्या बाजूला फिरतो तेच आठवत नाही आणि कडी वर ओढायची की खाली यात अडकायला होतं. तिसऱ्या वेळी अर्ध्या मिनिटात जमतं. नव्याने जोडलं की साबणाचं पाणी लावायचं.

त्याच वेळी नळीवरची तारीख वाचावी. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, भेगा दिसोत वा न दिसोत. नवा सिलिंडर आला की तो आणणाऱ्यालाच वजन करून दाखवायला आणि तोंडात पाण्याचे दोन थेंब टाकून बुडबुडे येतात का ते बघायला सांगावं. त्याला घाई असते, पण तपासून मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ‘बी 27’ असं काही लिहिलेलं असतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, पुढचा आकडा वर्षाचा. चाचणीची ती मुदत उलटून गेलेली असेल तर सिलिंडर दारातूनच परत पाठवावा.

आपला,
घरगुती गॅसजोडण्यांची तपासणी करणारा एक वाचक, ठाणे