तीन दिवस, तीन शर्यती आणि तुझी डावी नडगी

चि. मनू हिस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू शुक्रवारी पाच किलोमीटर, शनिवारी दहा आणि रविवारी अर्ध मॅरेथॉन असा सगळा बेत सांगितलास. तुम्ही चौघी मैत्रिणी एकत्र राहणार, एकाच रंगाचे टी-शर्ट, तिन्ही पूर्ण केल्या की वेगळं चौथं पदक. ऐकताना मला मनापासून आनंद झाला. मग फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "डावी नडगी जरा दुखतेय, पण ते काही नाही." मी तेव्हा गप्प बसले, कारण फोनवर हा विषय निघाला की आपलं वाजतं. म्हणून लिहिते आहे. नडगीचं एकदाच लिहीन, पुन्हा काढणार नाही.

नडगीच्या आतल्या कडेवरून बोट खालपर्यंत फिरव. दुखणं चार-सहा बोटं लांब पसरलेलं असेल, धावायला लागल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत कमी होत असेल, तर बहुधा हाडालगतच्या स्नायूंचा आणि आवरणाचा त्रास आहे. पण एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबल्यावर कळ आली, धावताना दुखणं वाढत गेलं, किंवा रात्री अंथरुणात पडल्यावरही ठणकलं, तर तो हाडाचा ताण आहे आणि त्यावर धावायचं नाही. भार वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरतं आणि मग त्या जागी नवं भरतं. पोखरणं साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरायला तीन महिने लागतात. मधल्या दिवसांत हाड नेहमीपेक्षा कमजोर असतं, आणि नेमके त्याच दिवसांत पाय हलके वाटायला लागल्यामुळे माणूस अंतर वाढवतो. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बहुतेकदा काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. म्हणून "एक्स-रे काढला, नॉर्मल आहे" हे उत्तर मला चालणार नाही. अजून दहा दिवस आहेत. या आठवड्यात खेळाडूंचे डॉक्टर गाठ. आणि पाळी नियमित येतेय ना, तेही त्यांना सांग. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या मुलींची पाळी चुकते आणि त्यांचीच हाडं आधी हरतात.

झालं. आता शर्यतींचं.

दहा दिवस राहिलेत म्हणजे नवी ताकद कमवायची वेळ गेली. लागोपाठच्या तीन दिवसांचा सराव तुम्ही केला आहे, शेवटचा तीन आठवड्यांपूर्वी, ते उत्तम. आता आठवड्याचं एकूण अंतर निम्म्यावर आण, पण धावण्याचे दिवस तेवढेच ठेव, आणि एखाद्या दिवशी शर्यतीच्या वेगाने दोन-तीन किलोमीटर धाव, म्हणजे पाय सुस्त होत नाहीत. दहा दिवसांत काहीतरी भरून काढू म्हणणाऱ्या मैत्रिणीचं अजिबात ऐकू नकोस.

एक गोष्ट तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना वाचून दाखव. असा शनिवार-रविवार धावण्यामुळे फारसा बिघडत नाही, दोन शर्यतींच्या मधल्या तासांमुळे बिघडतो. शुक्रवारी पाच किलोमीटर छत्तीस मिनिटांत संपतात. मग फोटो, मग दुसऱ्या दिवशीच्या बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या, रांगेत तासभर उभं राहणं, मग "आलोच आहोत तर बघून येऊ" म्हणून दुपारभर पायपीट, रात्री उशिरा जेवण आणि पहाटे चारचा गजर. संध्याकाळपर्यंत पायांवर आणखी बारा-पंधरा किलोमीटर चढलेले असतात आणि कुणाच्या हिशेबात ते नसतात. तिन्ही दिवसांचे बिब गुरुवारीच घेऊन या. शर्यत संपल्यावर दहा मिनिटं चालत राहा. झटकन थांबलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. मग खाणं, अंघोळ आणि दुपारी पाय वर करून दोन तास आडवं. गावात फिरायचं असेल तर रविवारनंतर.

वेगाचं सांगते, कारण सगळा घोळ शुक्रवारी होतो. पाय ताजे असतात, भोवती गर्दी असते, आणि अंतर इतकं लहान वाटतं की कुणीतरी सुसाट सुटतं. अर्ध मॅरेथॉन तू ताजी असताना सव्वादोन तासांत करतेस, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. शुक्रवारी ७:१०च्या आसपास धाव, पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. शनिवारी ७:००, म्हणजे दहा किलोमीटर सत्तर मिनिटांत. ही दोन्ही तुझ्यासाठी शर्यती नाहीतच, फक्त बिब लावून केलेला सराव आहे. रविवारी पहिले पाच किलोमीटर ६:४५ने, मग जमेल तसं. दोन तास वीस मिनिटं आली तरी मला ती सव्वादोनपेक्षा मोठी वाटेल. उतारावर मात्र जपून. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना जोर लावतात, आणि त्याचं दुखणं लगेच कळत नाही, एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. शुक्रवारच्या उतारावरची मस्ती रविवारी पंधराव्या किलोमीटरला वसूल होते.

पहिले दोन दिवस चौघींनी सगळ्यात सावकाश धावणारीच्या वेगाने जायचं आणि रविवारी जिने तिने आपापलं, हे आधीच बोलून घ्या. शेवटी भेटायची जागा ठरवा. आणि कुणी मध्येच थांबली तर बाकीच्यांनी काय करायचं, तेही ठरवा. हे मी नडगीसाठी म्हणत नाही, कुणाच्याही बाबतीत म्हणते. पण तुझ्याबद्दल मला ठाऊक आहे. बाकीच्या तिघी धावतायत आणि तू बाजूला उभी आहेस, हे तुला सोसणार नाही. सातवीत घोटा सुजलेला असताना तू दोन मोजे चढवून आठशे मीटर पळालीस, तिसरी आलीस, आणि रात्री आजीने मोजे उतरवले तेव्हा घरात कळलं. आजी रडायला लागली आणि तू तिलाच समजावत बसलीस. ते पदक अजून कपाटात वरच्या कप्प्यात आहे. मी ते दरवेळी पुसते आणि दरवेळी मला दोन्ही वाटतं, तुझं कौतुकही आणि भीतीही.

असो. पाण्याचं राहिलं. तहान लागेल तेवढंच पी. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले रिचवायचे नाहीत. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली उतरतं, मग डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाजतात. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यतीनंतर ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं होतं. अंगाने लहान आणि रस्त्यावर जास्त वेळ असणाऱ्यांना धोका जास्त. शुक्रवारी धावण्याआधी आणि नंतर वजन कर. अर्धा-एक किलो उतरलं तर ठीक, पण वाढलं तर तू जास्त प्यायलीस, शनिवारी कमी पी.

खाणं सवयीचंच, नवं काही नको. धावून झाल्यावर पहिल्या तीन-चार तासांत दर तासाला वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तुझ्या बावन्न किलोंना पन्नासेक ग्रॅम, आणि सोबत वीस ग्रॅम प्रथिनं. स्नायूंमधला साठा पुरता भरायला जवळजवळ चोवीस तास लागतात आणि तुमच्याकडे तेवढेच आहेत, म्हणून "भूक नाही" हे कारण शनिवारी चालणार नाही. रविवारी धावताना तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं. धावताना खायच्या गोड जेलच्या एका पुडीत साधारण वीस-पंचवीस असतात. पहिली पुडी पस्तिसाव्या मिनिटाला घे, पोटात खड्डा पडायची वाट बघू नकोस, आणि त्यावर साधं पाणी पी, गोड पेय नको, नाहीतर पोट ढवळतं.

बुटांचे दोन जोड ने, दोन्ही वापरलेले. दवात किंवा पावसात भिजले तर आतलं अस्तर काढून बुटांत कागदाचे बोळे कोंब आणि तासाभराने बदल. मोजे तीन जोड्या, रोज कोरडे. नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधीच काप, आदल्या रात्री नको. काखेत, मांड्यांच्या आत आणि ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलीन पहिल्या दिवसापासून लाव, पाचच किलोमीटर आहेत म्हणून सोडू नकोस. शुक्रवारी घासून सोललेल्या कातडीवर शनिवारचा घाम उतरला की काय होतं, ते पहिल्या अंघोळीला कळतं. फोड आला तर वरची कातडी काढायची नाही. तणावलेला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढ, कातडी तशीच बसू दे, वर पट्टी. टेप कोरड्या पायाला आदल्या रात्री लाव, सकाळी घाईत आणि मलम लावलेल्या पायावर ती टिकत नाही. तिन्ही दिवसांचे बिब वेगळे असतील तर चिपही वेगळी असते. शनिवारी शुक्रवारचा बिब लावून गेलीस तर वेळेची नोंद होणार नाही आणि त्या चौथ्या पदकावरून वाद होईल. बिबच्या मागे रक्तगट आणि माझा नंबर लिही.

दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांचं आता लिहिते, आणि हे मी तुझ्या हिताचं कमी, माझ्या जिवाच्या शांततेसाठी जास्त लिहिते आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही त्या तीन दिवसांत घ्यायचं नाही. धावताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच कमी होतो, आणि ही औषधं तो सांभाळणारी यंत्रणाच बंद करतात. २०१७ साली आलेल्या एका अभ्यासात ऐंशी किलोमीटर धावणाऱ्यांपैकी आयब्युप्रोफेन घेणाऱ्या ५२ टक्के जणांच्या मूत्रपिंडावर ताण दिसला, औषध नसलेली नुसती गोळी दिलेल्यांमध्ये ३४ टक्के. पॅरासिटामॉलने मूत्रपिंडाचं तसं होत नाही. पण मग दुखणं झाकलं जातं, आणि दुखणं झाकून धावली की नडगीचं काय चाललंय ते तुला तरी कसं कळणार? लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र वाट न बघता थेट दवाखाना.

पुन्हा नडगीवर आले. भाषण होतंय, मला दिसतंय. क्षमा कर. तू चोवीस वर्षांची आहेस, स्वतःचा सराव स्वतः लिहून ठेवतेस, पहाटे उठतेस. तुझ्या वहीतलं ते कोष्टक दादाने मला दाखवलं, इतक्या शिस्तीने मी काही करताना कुणाला पाहिलं नाही. शेजारच्या काकूंनाही सांगितलं.

आमच्या वेळी मोठ्यांच्या तोंडी एमिल झाटोपेकचं नाव असायचं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने दहा हजार मीटर, पाच हजार मीटर आणि मॅरेथॉन, तिन्हींत सुवर्ण मिळवलं, आणि मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. पण तारखा बघ. २० जुलै, २४ जुलै, २७ जुलै. मधल्या २२ तारखेला पाच हजारची प्राथमिक फेरी होती, तरी प्रत्येक अंतिम शर्यतीआधी निदान एक पूर्ण दिवस मोकळा होता. तुमच्याकडे तो नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी, जेवणाआधी, तिघी आजूबाजूला नसताना, डावी नडगी दाबून बघ. मग त्याच पायावर लंगडी घाल, पाच उड्या. चालतानाच दुखत असेल तर उड्याही मारू नकोस. एका जागी कळ आली तर निर्णय तिथेच झाला, रविवारी पहाटे सुरुवातीच्या रेषेवर तो घ्यायचा नाही. तिथे संगीत असतं, मैत्रिणी असतात, आणि गर्दीत उभं राहिलेलं कुणीच मागे फिरत नाही. ताणावर वेळीच थांबलं तर सहा-आठ आठवडे जातात. धावून हाड मोडलं तर कित्येक महिने, कधी शस्त्रक्रिया. तू नाही धावलीस तर पंधराव्या किलोमीटरला पाणी घेऊन उभी राहा, तिघींना तेव्हा त्याचीच गरज असेल.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव. दादाच्या गुडघ्याचं बरं आहे, आजीला तुझा टी-शर्टातला फोटो हवा आहे, बाबा रविवारी रजा टाकून बसणार आहेत.

तुझी,
आई

ता. क. सेफ्टी पिना बारा ने, एका बिबला चार. आणि डॉक्टरांकडे जाताना धावायचे बूट बरोबर ने, तळ कुठल्या बाजूला झिजलाय ते त्यांना बघायचं असतं. डाव्याचा विशेष करून दाखव.