ताटली कुणी फोडली नाही

कॅनबेरा, 14 जून

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहितेय. खरं तर राहून गेलं नाही, जीभच रेटली नाही. दिवाळीत मी आणलेली निळी ताटली रात्री शोकेसमध्ये आपोआप तडकली, असं मावशी शपथेवर सांगतायत आणि आई, तुझा विश्वास बसत नाहीये. मावशी खरं बोलतायत. ताटलीला दृष्टही लागली नाही. ती ताटली मी फोडली, इथे बसून, गेल्या सप्टेंबरात.

ॲल्युमिनिअमच्या खिडक्या बसवल्या तेव्हा माजघरातल्या जुन्या खिडकीची काच मी तुझ्या परकरात गुंडाळून इकडे आणली होती, आठवतं? तिचा बोटभर तुकडा त्या ताटलीच्या मधोमध घातला होता. घराची आठवण. हौस म्हण हवं तर.

बाबा, तुम्ही दर वेळी विचारता, "फुंकतेस की ओततेस?" तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना 1908 सालचा, त्यामुळे काच म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे फुंकणीच येणार. मी दोन्ही करत नाही. मी थंड काचेवर काम करते. 3 मिलिमीटर जाडीचे काचेचे रंगीत पत्रे कापायचे, एकावर एक रचायचे, भट्टीत ठेवायचे आणि झाकण लावून बाजूला व्हायचं. 800 अंशांच्या जरा पुढे थर एकजीव होतात. मग ती सपाट चकती साच्यावर ठेवून पुन्हा साधारण 660 अंशांपर्यंत तापवली, की स्वतःच्याच वजनाने खाली बसते आणि ताटली होते. थर दोनच का, हेही विचाराल. काच पूर्ण वितळली की तिचा कल 6 मिलिमीटर जाडीकडे असतो. एकच थर ठेवला तर कडा आत ओढून घेते, तीन ठेवले तर ऐसपैस पसरते.

आई, नक्षी मात्र तुझ्याकडून आलीय. काचेची पूड चिमटीतून सोडून रेघ काढते. पण ही पूड रांगोळीसारखी सुळकन सुटत नाही, बोटांना चिकटते. तोंडाला मास्क लावल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, छातीला वाईट. मोर जमत नाही. ठिपके जमतात.

आता मुद्द्याचं. तापली की काच फुगते आणि निवताना आकसते, पण सगळ्या काचा सारख्या आकसत नाहीत. दोन वेगळ्या स्वभावाच्या काचा तापवून एकत्र केल्या, तर वितळलेल्या असताना गुण्यागोविंदाने नांदतात. कडक झाल्या की एक जास्त ओढते, दुसरी कमी. ताण आत अडकतो. कधी भट्टीतच तडा जातो, कधी काही महिन्यांनी, उन्हाळ्यातल्या एखाद्या रात्री.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, लाज त्याचीच वाटते. मी जिथे काम करते त्या गावात हे ठाऊक नसणं म्हणजे पंढरपुरात राहून एकादशी माहीत नसण्यासारखं आहे. क्लाउस मोये नावाचा जर्मन कलावंत, हॅम्बुर्गमध्ये वडिलांच्या कारखान्यात काच कापायला आणि घासायला शिकलेला. त्याला रंगीत काचा जोडून भांडी करायची होती आणि तडे पाठ सोडत नव्हते. 1979 मध्ये अमेरिकेत त्याची बुल्सआयच्या माणसांशी गाठ पडली. पोर्टलँडमधल्या या कारखान्याने पुढे एकमेकींशी जुळणाऱ्या रंगीत काचा तयार केल्या. 1982 साली मोये कॅनबेराला आला, इथल्या कलाशाळेत काचेचा विभाग उभा केला आणि या गावाला हे वेड लागलं. 2016 साली तो गेला. आम्ही अजून त्याच काचा वापरतो.

दोन काचा जुळतात का, हे बघायची सोपी चाचणी आहे. एकीचा तुकडा दुसरीवर वितळवायचा, निववायचा आणि दोन ध्रुवक पडद्यांमध्ये (एकाच दिशेने थरथरणारा उजेड आरपार सोडणारे पडदे) धरून उजेडात बघायचं. ताण असेल तर तुकड्याभोवती पांढरं वलय उजळतं. अर्ध्या दिवसाचं काम. मी केलं नाही. वलय दिसलं तर आपल्या खिडकीची काच बाहेर काढावी लागेल, ही भीती होती. चाचणी न केल्याने वलय नाहीसं होत नाही, एवढी अक्कल मला असायला हवी होती.

मावशींना माझं नाव घेऊन सांग. जमलं तर माझ्या वतीने त्यांच्यासाठी एक साडी घे. पैसे पाठवते. पाठवू नको म्हणू नकोस.

आता उरलेल्या खिडकीच्या काचेचीच ताटली करतेय, दुसरी कुठलीही काच न घालता. ही काच हट्टी. जास्त उष्णता मागते आणि जरा रेंगाळलं की वर पांढुरकी साय धरते. पहिल्या दोन गेल्या. दोन थरांच्या मध्ये तांब्याचा पातळ पत्रा घातलाय, तो कुठे लाल, कुठे हिरवट निळा होतो. तिसरी काल रात्री लावली. तापायला जितका वेळ लागला, त्याहून जास्त निववायला लागतोय. साडेपाचशे अंशांच्या आसपास तासभर थांबवून मग सावकाश खाली आणायचं. जाडी दुप्पट असती तर हा वेग पावपट ठेवावा लागला असता. आत्ता भट्टीचा आकडा 212 अंश दाखवतोय. बाहेर उणे 2 आहे, म्हणून झाकणाला उद्या दुपारपर्यंत हात लावणार नाही.

बाबा, त्या खिडकीच्या आणखी दोन काचा माळ्यावर पत्र्याच्या पेटीमागे उभ्या आहेत. भंगारवाल्याला देऊ नका. आणि स्वतः शिडीवर चढू नका, मी डिसेंबरात येतेय.

तुमची,
धाकटी