काका, तुम्ही घासलेल्या त्या पट्ट्याबद्दल

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर फारसं वाचत नाही, पण तुमची लेक वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहितेय, आणि आपल्या कॉलेजातल्या बाकीच्यांनीही वाचावं असं मनापासून वाटतं.

मी लायब्ररीतली कुबडीवाली मॅडम. माझी साइडव्हीलची ॲक्टिव्हा रेन ट्रीखाली लागते, तिथून लायब्ररीच्या रॅम्पपर्यंत चाळीसेक पावलं, धडधाकट माणसाला ते अंतर जाणवतही नाही. पण जूनमध्ये चार सरी नीट पडल्या की त्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, झाडाखाली ऊन येतच नाही ना, आणि कुबडीचं रबर त्यावरून असं सटकतं की सावरायच्या आत माणूस खाली. मागच्या पावसाळ्यात मी तशीच पडले, मनगट मोडलं, दीड महिना घरी. तक्रार केली तर म्हणे पावसात शेवाळ येणारच, जपून चाला. खूप लागलं होतं ते वाक्य मनाला.

परत आले त्या सोमवारी बघते तर गाडीपासून रॅम्पपर्यंत एक पट्टा स्वच्छ, ब्लॉकचा लाल रंग दिसतोय! मला कोणी काही बोललं नाही, वॉचमनकडून कळलं की तुम्ही सकाळी साडेसहाला येता, ब्लिचिंग पावडर टाकून अर्धा तास ठेवता, मग खराट्याने घासून पाणी मारता, आणि आठवड्यातून दोनदा, कारण भर पावसात ते परत धरतंच. कोणीतरी सुचवलं एकदाच ॲसिड ओतून टाका, तर तुम्ही सरळ नाही म्हणालात, ॲसिड सिमेंट खातं आणि ब्लिचिंगवर पडलं तर क्लोरीनचा वायू सुटतो. केवढी काळजी घेता तुम्ही.

आणि तो ऑगस्टमधला दिवस तर मी कधीच विसरणार नाही. आपण कुर्ल्याचे, मिठीच्या बाजूचे, पाणी चढायला लागलं की 26 जुलै 2005 आठवतोच, सांताक्रुझला एका दिवसात 944 मिमी, मी तेव्हा शाळेत होते आणि रात्रभर बाबांची वाट बघत बसलेलो. भरतीला समुद्र वर असला की नाल्याचं पाणी बाहेर जातच नाही, म्हणून तुम्ही भरतीच्या तारखा गेटवर चिकटवल्यात, साडेचार मीटरच्या वरच्यांना लाल पेनाने गोल. त्या दिवशी पार्किंगच्या जाळीतली पानं, वेफर्सची पाकिटं हाताने काढलीत आणि भिजलेले तसेच वर आलात, "मॅडम, बाराची भरती आहे, साडेदहाला निघा." मी निघाले, अकराला घरी होते. दुपारी कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकला, माझ्या गाडीच्या जागी गुडघाभर पाणी.

काका, यावर्षी पावसामुळे माझी एकही सुट्टी पडली नाही. एकही नाही. खूप खूप आभार.

फक्त एक ऐका माझं. तुमच्या टाचेला भेग आहे, मी बघितलीय, आणि साठलेल्या पाण्यात उंदरांची लघवी असते, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप त्यातूनच होतो. पाण्यात उतरलात की 72 तासांच्या आत बीएमसीच्या दवाखान्यात दाखवा, डॉक्टर गोळी देतात, कामाचं निमित्त सांगून टाळू नका. आठ नंबरचे गमबूट आणलेत, लायब्ररीच्या काउंटरखाली पिशवीत आहेत. सोमवारी या घ्यायला, चहा तिथेच घेऊ.